शेअर घेतले म्हणजे कंपनी आपली? थांबा

नागपूरच्या इतवारी बाजारात वर्षानुवर्षे एक समजूत फिरते: कर्ज देणाऱ्या कंपनीचे शेअर नावावर करून घ्या, संचालक बदला, कंपनी निबंधकाकडे फॉर्म भरा, रिझर्व्ह बँकेला नंतर कळवलं तरी चालतं. चालत नाही.

घोळाचं मूळ मला धर्मादाय कायद्यात दिसतं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ नुसार विश्वस्त आधी बदलतात आणि बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तीच सवय लोक कंपनीला लावतात, त्यातून नावात ‘ट्रस्ट’ असेल तर विचारूच नका! पण कंपनीच्या नावात ‘ट्रस्ट’ असल्याने ती धर्मादाय आयुक्तांकडे जात नाही. ती बिगर-बँकिंग वित्तीय कंपनी, म्हणजे बँक नसूनही कर्ज देणारी कंपनी असेल, तर गाठ रिझर्व्ह बँकेशी.

तिथे क्रम उलटा. २६ टक्के किंवा अधिक भागभांडवल हाती जाणार असेल, तर लेखी परवानगी आधी. थोडे थोडे करून घेतले तरी बेरीज धरतातच. शेअर न हलवता स्वतंत्र संचालक वगळून ३० टक्क्यांहून जास्त संचालक बदलले, तरी तेच. ही पळवाट सुचवणारे सल्लागार मी पाहिलेत. परवानगीनंतरही ताबा घेण्याच्या किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागते, त्यातली एक स्थानिक भाषेत.

हे टाळलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. संविधान चौकाला जुने नागपूरकर अजून आरबीआय चौक म्हणतात. सौद्याआधी तिकडे एक चक्कर मारा.