पडदा क्षणभर गोठणे म्हणजे रॅम अपुरी असणे नव्हे
लॅपटॉपचा पडदा दोन-तीन सेकंद गोठला की ‘रॅम वाढवा’ असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. त्याने बहुधा खिशाला कात्री तेवढी लागते. रॅम खरोखर अपुरी असेल, तर डिस्क सतत राबते आणि सारेच रेंगाळते. विंडोजमध्ये मात्र व्हिस्टा या आवृत्तीपासून अशी सोय आहे, की पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपने सुमारे २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर यंत्रणा तिचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू करते. पडदा गोठतो, कधी काळा होतो, गाणे मात्र बहुधा चालूच राहते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीच्या ‘सिस्टीम’ विभागात त्याच वेळेची ‘डिस्प्ले’ची ४१०१ क्रमांकाची नोंद आढळल्यास आधी ड्रायव्हरवर संशय घ्यावा आणि लॅपटॉप-निर्मात्याच्या संकेतस्थळावरून योग्य आवृत्ती घालावी. त्रास नव्या आवृत्तीनंतरच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करावे, म्हणजे आधीची आवृत्ती परत आणावी.