हैज

मासिक पाळीसाठी इस्लामी धर्मशास्त्रातील (फिक्ह) संज्ञा. मूळ अरबी धातूचा अर्थ ‘वाहणे’. या दिवसांत नमाज, रोजा, काबेची प्रदक्षिणा (तवाफ) व शरीरसंबंध वर्ज्य असतात. स्राव थांबल्यावर गुस्ल (विधिपूर्वक स्नान) केले की ती बंधने उठतात. रमजानचे सुटलेले रोजे नंतर भरून द्यावे लागतात (कझा). नमाज मात्र माफच असते.

कुराणात (२:२२२) पाळीला ‘अज़ा’ म्हणजे त्रास म्हटले असून त्या काळात स्त्रियांपासून दूर राहण्यास सांगितले आहे. दूर म्हणजे किती, याचा खुलासा हदीसमध्ये (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) मिळतो. मदिनेतील यहुदी पाळीतल्या स्त्रीला पंगतीला घेत नसत. पैगंबरांनी समागम वगळता सारे व्यवहार मोकळे ठेवले. पैगंबर मशिदीत एतिकाफला (उपासनेसाठी मशिदीत मुक्काम) बसलेले असताना डोके पत्नी आयेशांच्या खोलीत झुकवीत आणि पाळी असतानाही त्या त्यांचे केस विंचरीत. म्हणून हैजला मराठीत ‘विटाळ’ म्हणणे चुकीचे ठरते. ही अशुद्धी उपासनेपुरती आहे, स्पर्शाने लागणारी नाही.

खरा वाद दिवसांच्या मोजणीचा. कुराणात आकडा नाही. सुन्नी धर्मशास्त्राच्या पंथांपैकी हनफी पंथ किमान ३ व कमाल १० दिवस धरतो. शाफई किमान एक दिवस-रात्र, कमाल १५. मालिकी उपासनेच्या बाबतीत किमान मर्यादाच मानत नाहीत. हनफींचा आधार असलेल्या हदीसांच्या सनदी (कथन करणाऱ्यांच्या साखळ्या) अनेक हदीसतज्ज्ञांना दुबळ्या वाटतात. शाफईंनी स्त्रियांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार घेतला, तो अधिक सयुक्तिक दिसतो. फरक कागदी नाही. कोकणी मुसलमान बहुधा शाफई, घाटावरचे बहुधा हनफी. सलग स्राव बाराव्या दिवशीही चालू असेल, तर रत्नागिरीतील शाफई स्त्रीला नमाज वर्ज्य, साताऱ्यातील हनफी स्त्रीवर ती फर्ज (बंधनकारक).

मर्यादेपलीकडचा स्राव म्हणजे इस्तिहाजा. रक्त थांबतच नाही, तर नमाज सोडू का, असे फातिमा बिन्त अबी हुबैश या स्त्रीने पैगंबरांना विचारले. ही पाळी नव्हे, शिरेचे रक्त आहे, असे पैगंबरांनी सांगितले; नेहमीचे दिवस सोडून एरवी नमाज पढावी.

पाळीत कुराणपठण बहुतेक पंथांना अमान्य, मालिकींना मान्य.

हजमध्ये तवाफ सोडून बाकीचे विधी करता येतात. निरोपाचा तवाफ माफ होतो. मुख्य तवाफ (इफाजा) चुकवता येत नाही, आणि काफिला थांबणार नसेल तर पेच पडतो. अशा निरुपायात तवाफ करण्यास धर्मशास्त्रज्ञ इब्न तैमिया (मृ. १३२८) मुभा देतात, हनफींच्या मते तो वैध ठरतो, पण उंटाची कुर्बानी द्यावी लागते.