एस्पेसनेट

एस्पेसनेट : पेटंटची कागदपत्रे शोधण्याची आणि मूळ छापील स्वरूपात पाहण्याची विनामूल्य ऑनलाइन सेवा. म्यूनिक येथे मुख्यालय असलेल्या युरोपीय पेटंट कार्यालयाने ती १९९८ मध्ये सुरू केली. निरनिराळ्या देशांच्या पेटंट कार्यालयांनी प्रसिद्ध केलेली १५ कोटींहून अधिक कागदपत्रे तीत आहेत. खाते उघडण्याची गरज नसते.

पेटंट हा मुळात देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. संशोधकाने आपली युक्ती जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने उघड करायची आणि त्याबदल्यात साधारणपणे अर्जापासून २० वर्षे तिच्यावर एकाधिकार मिळवायचा. अर्ज बहुधा १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. इंटरनेटपूर्वी हे कागद वाचायला पेटंट कार्यालयाच्या ग्रंथालयात जावे लागे किंवा क्रमांक कळवून प्रत मागवावी लागे. उघड केलेले ज्ञान कोणालाही घरबसल्या वाचता येणे हे या सेवेचे खरे मोल आहे.

शोधाची सुरुवात बहुतेक जण शब्दांनी करतात आणि तिथेच अडकतात. पेटंटची भाषा मुद्दाम व्यापक ठेवलेली असते. आपण ज्याला प्रेशर कुकर म्हणतो त्याचे वर्णन अर्जात ‘घट्ट झाकणाचे, वाफ कोंडणारे भांडे’ असेही असू शकते. म्हणून अनुभवी शोधक शब्दांवरून दोन-चार जवळची कागदपत्रे गाठतो, त्यांवरील वर्गीकरण चिन्हे टिपतो आणि पुढचा शोध त्या चिन्हांवर चालवतो. युरोपीय व अमेरिकी कार्यालयांनी मिळून १ जानेवारी २०१३ पासून लागू केलेल्या सहकारी पेटंट वर्गीकरणात (सीपीसी) सुमारे अडीच लाख उपविभाग आहेत. त्यात ‘ए’ हा मानवी गरजांचा विभाग, ‘ए४७जे’ स्वयंपाकघरातील उपकरणांचा उपवर्ग आणि ‘ए४७जे २७/०८’ ही प्रेशर कुकरची जागा. कागद कोणत्याही भाषेतला असो, चिन्ह तेच राहते.

संशोधकाच्या नावावरूनही शोधता येते, पण भारतीय नावांच्या बाबतीत रोमन लेखनाची सर्व रूपे घालून पाहावी लागतात. छपाईचे टंक ओतण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेले मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे आडनाव रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले आढळते. एकाच रूपावर विसंबणाऱ्याला त्यांचे काम अपुरे दिसेल. अशा वेळी शब्दाच्या शेवटी तारकाचिन्ह (*) दिले, तर पुढची अक्षरे काहीही असली तरी चालतात.

कागदपत्र उघडल्यावर ग्रंथसूचीय माहिती, वर्णन, दावे, आकृत्या, मूळ प्रत, संदर्भ, कायदेशीर घडामोडी आणि पेटंट कुटुंब असे भाग दिसतात. पहिल्या पानावर कंसातले छोटे आकडे असतात. ५४ म्हणजे शीर्षक, ७२ म्हणजे संशोधक, ३० म्हणजे अग्रक्रमाचा (त्याच संशोधनावर आधी केलेल्या अर्जाचा) तपशील. जपानी पान समोर आले तरी या आकड्यांवरून कुठे काय आहे ते कळते. यांत्रिक भाषांतराचीही सोय आहे. त्यावरून आशय समजतो, कायदेशीर अर्थ मात्र मूळ मजकुरातूनच काढावा. सगळ्यांत महत्त्वाचा भाग दाव्यांचा, कारण हक्क किती आणि कुठवर, हे तेथेच ठरते. वर्णन पानोपानी असले तरी दाव्यात न आलेल्या गोष्टीवर हक्क मिळत नाही.

क्रमांकाच्या शेवटचे अक्षर नवख्याला हमखास चकवते. युरोपीय कागदावर ‘ए१’ असेल, तर तो शोध-अहवालासह (कार्यालयाने शोधलेल्या आधीच्या कागदपत्रांच्या यादीसह) प्रसिद्ध झालेला नुसता अर्ज असतो. ‘बी१’ म्हणजे मंजूर पेटंट. पण २००१ पूर्वीच्या अमेरिकी क्रमांकापुढचा ‘ए’ मंजुरीच दाखवतो. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये दिलेले ‘यूएस५४०१५०४ए’ हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण. त्याचा पहिला दावा रुग्णाला पुरेशी हळदपूड देऊन जखम बरी करण्याच्या पद्धतीवर आहे. हे पेटंट पुढे रद्द झाले, तरी तो दावा आजही वाचता येतो, कारण रद्द झालेले पेटंट संग्रहातून काढले जात नाही. म्हणून हक्क जिवंत आहे का हे पाहायला कायदेशीर घडामोडींचा भाग उघडावा आणि खात्री संबंधित देशाच्या नोंदवहीतून करावी.

पेटंट कुटुंब म्हणजे एकाच संशोधनावर निरनिराळ्या देशांत केलेले अर्ज. जर्मन भाषेतील कागद वाचता येत नसेल, तर त्याच कुटुंबातला इंग्रजी कागद बहुधा सापडतो. भारतातील अर्जावर परीक्षकाने कोणते आक्षेप घेतले आणि अर्जदाराने काय उत्तर दिले हे पाहायचे असेल, तर भारतीय पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोधप्रणालीकडे वळावे लागते. त्या कार्यालयाचे साप्ताहिक पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघते.

पेटंटसंग्रहात काही सापडले नाही, एवढ्यावरून कल्पना नवी ठरत नाही. हळदीचे पेटंट १९९७ मध्ये रद्द ठरले ते जुन्या पेटंटांमुळे नव्हे. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथांतले उतारे आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ चा लेख असे ३२ संदर्भ अमेरिकी कार्यालयापुढे ठेवले. हे पुरावे कोणत्याही पेटंटसंग्रहात नव्हते. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले आणि २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांना ते करारान्वये खुले झाले. एस्पेसनेटवर शोधणाऱ्या सामान्य वाचकाला मात्र त्यातले काही दिसत नाही. औषधी वनस्पतींविषयी शोध घेताना आयुर्वेदाचे छापील ग्रंथ आणि जुनी नियतकालिके त्याला वेगळी पाहावी लागतात.