वेढा वेगळा, कोंडी वेगळी: लेनिनग्राड आणि स्टालिनग्राड

डिसेंबर 1941. लेनिनग्राडमध्ये जो कारखान्यात कामाला नाही, त्याला दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता. तळहातावर मावेल एवढा तुकडा. त्यातही पीठ कमी, पेंड आणि लाकडापासून काढलेला सेल्युलोज मिसळून वजन भरलेलं. त्यानंतर वर्षभराने, तिथून कितीतरी दूर दक्षिणेला, व्होल्गाकाठच्या उघड्या माळावर जर्मनीच्या सहाव्या आर्मीचा शिपाई अशाच मोजून दिलेल्या पावावर दिवस काढत होता. जानेवारी 1943 मध्ये त्याचा वाटा शंभर ग्रॅमच्याही खाली गेला.

दोन्हीकडे भूक, दोन्हीकडे रशियाचा हिवाळा, दोन्हीकडे भोवती शत्रू. त्यात शहरांची नावंही कानाला जवळजवळ सारखी. त्यामुळे ‘लेनिनग्राडचा वेढा’ आणि ‘स्टालिनग्राडचा वेढा’ असं आपण एका दमात म्हणून जातो. पहिलं बरोबर आहे, दुसरं चूक. लेनिनग्राडला वेढा पडला होता. स्टालिनग्राडजवळ एका अख्ख्या सैन्याची कोंडी झाली होती. हा शब्दांचा कीस काढणं नाही. नोव्हेंबर 1942 मध्ये खुद्द हिटलरने हीच गल्लत केली, आणि तिची किंमत लाखो माणसांनी मोजली.

आधी वेढा. वेढा जागेला पडतो. शहर असतं, ते हलू शकत नाही, आणि त्याला हलायचंही नसतं. वेढा घालणाऱ्याला ती जागा हवी असते किंवा नष्ट करायची असते, आणि त्याचं मुख्य हत्यार असतं वेळ. 8 सप्टेंबर 1941 ला जर्मनांनी लाडोगा सरोवराच्या काठचं श्लिसेलबुर्ग घेतलं आणि लेनिनग्राडचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता बंद झाला. उत्तरेकडे फिनलंडचं सैन्य होतंच. त्याच दिवशी बॉम्बहल्ल्यात बादायेव गोदामं जळाली, साखर-पिठाचा मोठा साठा गेला. शहरावर थेट चाल करून गल्लीबोळांत लढण्यापेक्षा ते उपाशी मारायचं, शरणागती आली तरी स्वीकारायची नाही, असं हिटलरने ठरवलं होतं. आत साधारण पंचवीस लाख लोक होते.

तरीही शहर 872 दिवस टिकलं. ते का टिकलं याचं उत्तर शौर्यात आहेच, पण शहर म्हणजे काय यातही आहे. शहराला भिंती असतात, छपरं असतात, जाळायला लाकडी घरं आणि फर्निचर असतं. नेव्हा नदीच्या बर्फाला भोक पाडून पाणी काढता येतं. कारखाने असतात. रेशनकार्डं छापणारी आणि पावाची रांग लावणारी व्यवस्था असते. शिवाय या वेढ्याला पूर्वेकडे एक फट होती, लाडोगा सरोवर. 22 नोव्हेंबर 1941 ला गोठलेल्या सरोवरावरून ट्रक धावू लागले. बर्फ तडकून काही ट्रक माणसांसकट बुडाले, वरून विमानं मारा करत होती, तरी त्या हिवाळ्यात पाच लाखांहून जास्त लोक या वाटेने बाहेर काढले गेले. पुढे सरोवराच्या तळातून इंधनाची पाइपलाइन आणि विजेची केबलही आली.

‘टिकलं’ हा शब्द लिहिताना हात अडखळतो. भूक आणि थंडीने किमान आठ लाख नागरिक गेले, बहुतेक त्या पहिल्याच हिवाळ्यात. लहान मुलांच्या घसरगाड्यांवर कापडात गुंडाळलेली प्रेतं ओढून नेणारे लोक ही त्या शहराची रोजची दृश्यं होती. शहर पडलं नाही, एवढंच आपण खात्रीने म्हणू शकतो.

आता कोंडी. कोंडी सैन्याची होते, आणि तीही बहुतेक वेळा ते सैन्य स्वतः पुढे घुसत असताना. जमीन इथे दुय्यम असते, घेरणाऱ्याला माणसं आणि तोफा हव्या असतात. 28 जून 1942 ला जर्मनांची उन्हाळी मोहीम सुरू झाली. ऑगस्टच्या अखेरीस जनरल फ्रीडरिश पाउलुसची सहावी आर्मी व्होल्गापर्यंत पोचली आणि स्टालिनग्राडच्या गल्ल्यांत अडकली. तेव्हा दबावाखाली चुइकोव्हची सोव्हिएत 62वी आर्मी होती, पण तिच्या पाठीशी व्होल्गा होती आणि रात्री होड्यांनी कुमक येत राहिली. म्हणजे त्या शहराला पूर्ण वेढा असा कधी पडलाच नाही.

सहावी आर्मी शहरात डोकं खुपसून बसली, तेव्हा तिच्या बगला भलत्यांच्याच भरवशावर होत्या. वायव्येला डॉन नदीकाठी रोमानियाची तिसरी आर्मी, दक्षिणेला रोमानियाचीच चौथी. लांबच लांब पट्टा, माणसं थोडी, रणगाडे भेदू शकतील अशा तोफा त्याहून थोड्या. मागे राखीव म्हणून ठेवलेल्या जर्मन 22व्या पॅन्झर (म्हणजे रणगाडा) डिव्हिजनचे रणगाडे कित्येक आठवडे गवताखाली झाकून उभे होते. त्या गवतात उंदीर झाले, त्यांनी आतल्या वायरींची आवरणं कुरतडली आणि ऐन वेळी बरेचसे रणगाडे सुरूच झाले नाहीत.

19 नोव्हेंबरला सकाळी, दाट धुक्यात, सोव्हिएत तोफा सुरू झाल्या. उत्तरेकडून वातुतिन आणि रोकोसोव्स्की यांची सैन्यं निघाली, दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून येरेमेन्को यांचं. चिमट्याची दोन टोकं. दोन्ही टोकांनी शहराकडे न जाता पिछाडीकडे धाव घेतली. 22 तारखेच्या पहाटे सोव्हिएत रणगाड्यांची एक तुकडी दिवे लावून, अगदी निवांत असल्यासारखी, कलाच गावाजवळच्या डॉनवरच्या पुलावर आली. आपलीच गाडी-रणगाडी आहे असं पहारेकऱ्यांना वाटलं, आणि तो मोक्याचा पूल हातचा गेला. 23 नोव्हेंबरला सोव्हेत्स्की या वस्तीजवळ दोन्ही टोकं एकमेकांना मिळाली. पाच दिवसांत काम झालं. आत साधारण 90 हजार लोक असतील असा सोव्हिएत सेनापतींचा अंदाज होता. प्रत्यक्षात अडीच लाखांहून जास्त होते.

लेनिनग्राडकडे जे होतं, त्यातलं या अडीच लाखांकडे काय होतं ते बघा. शहराचा जळका सांगाडा आणि बाकी सगळा उघडा माळ, जाळायला झाड नाही. मैदानी सैन्य स्वतःजवळ काही दिवसांचंच अन्न, इंधन आणि दारूगोळा बाळगतं. बाकी सगळं रोज मागून येत राहतं, आणि ती मागची गोदामं आता बहुतांशी कोंडीबाहेर होती. शिवाय तोफा आणि गाडे ओढणारे बहुतेक घोडे चाऱ्यासाठी आधीच पश्चिमेला, पिछाडीला पाठवलेले. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली, तर पुढची शोकांतिका अर्धी समजते. घोडे नाहीत म्हणजे तोफा जागच्या जागी. तोफा सोडून निघायचं म्हणजे उघड्या माळावर बंदुका घेऊन रणगाड्यांसमोर जायचं.

म्हणूनच कोंडीत वेळेचा हिशेब वेढ्याच्या उलटा असतो. वेढ्यात आतला माणूस म्हणतो, आणखी एक महिना काढू, तोवर वाट निघेल. कोंडीत पहिले तीन-चार दिवसच हातात असतात, कारण तोवर घेरणाऱ्याची फळी पातळ असते आणि आतल्यांच्या टाक्यांत थोडं इंधन असतं. पाउलुसने बाहेर पडण्याची मोकळीक मागितली. त्याच्या हाताखालचे काही सेनापती तर परवानगीची वाट न पाहता फोडून निघा म्हणत होते. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख झाइट्झलरही हिटलरशी त्यासाठी भांडले. 24 नोव्हेंबरला उत्तर आलं, जागा सोडायची नाही. आणि हिटलरने त्या घेरलेल्या माळाला नाव दिलं ‘फेस्टुंग स्टालिनग्राड’, म्हणजे स्टालिनग्राड किल्ला.

माझ्या मते सगळा घात त्या नावात आहे. किल्ला म्हटलं की मनात तटबंदी येते, कोठारं येतात, महिनोन्‌महिने तग धरणं येतं. तिथे यातलं काहीही नव्हतं. कोंडीला वेढा म्हटलं, म्हणजे वाट बघणं हाच मार्ग ठरतो, आणि कोंडीत वाट बघणं म्हणजे मरणं.

जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने विमानांनी रसद पोचवण्याचा शब्द दिला. त्याला आधार होता रशियातल्याच डेम्यान्स्कचा. 1942 च्या सुरुवातीला तिथे घेरल्या गेलेल्या सुमारे एक लाख जर्मनांना विमानांनी जगवलं होतं आणि वसंतात त्यांची सुटका झाली होती. पण इथे माणसं अडीच पट, अंतर जास्त, आणि समोरची सोव्हिएत विमानं कितीतरी अधिक. जगायला रोज किमान 300 टन लागत होते. एक युंकर्स 52 विमान साधारण दोन टन नेतं, म्हणजे रोज दीडशे विमानं सुखरूप उतरली पाहिजेत, तीही बर्फाच्या वादळात. सरासरी शंभर टनांच्या आसपासच पोचलं.

बाहेरून फोडण्याचा प्रयत्नही झाला. 12 डिसेंबरला जर्मन फील्ड मार्शल मान्स्टाइनच्या हुकमाखाली जनरल होथचे रणगाडे निघाले आणि मिश्कोवा नदीपर्यंत, घेरापासून जेमतेम 50 किलोमीटरवर पोचले. पण तेव्हा सोव्हिएत फळ्या दोन झाल्या होत्या, आतली आतल्यांना दाबणारी आणि बाहेरची सुटकेला येणाऱ्यांना अडवणारी. त्यातच वायव्येला इटलीची आठवी आर्मी मोडली, आणि 24 डिसेंबरला सोव्हिएत रणगाडे रसदीच्या तात्सिन्स्काया विमानतळावरच जाऊन धडकले. होथ मागे फिरला. आतली आर्मी जागची हलली नाही.

सैन्य कोसळतं ते एका घावात नाही. इंधन संपतं, गाड्या सोडाव्या लागतात. गोळे संपतात, तोफा सोडाव्या लागतात. जखमींना न्यायला काही नाही, म्हणून जखमी मागे राहतात. मग डिव्हिजन हे फक्त नकाशावरचं नाव उरतं. 10 जानेवारी 1943 ला सोव्हिएतांचा अखेरचा हल्ला सुरू झाला. 16 जानेवारीला पितोम्निकचा विमानतळ गेला, त्यानंतर आठवड्याभरात गुमराकचाही. धावपट्टीवर जखमींची झुंबड, विमानात जागा मोजकी. महिनाअखेरीस घेराचे दोन तुकडे झाले. 31 जानेवारीला पाउलुस एका डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून बाहेर येऊन शरण गेला. आदल्याच दिवशी हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं होतं. 2 फेब्रुवारीला उत्तरेकडचा तुकडाही शरण आला. सुमारे 91 हजार कैदी झाले. त्यांतले जेमतेम पाच-सहा हजार पुढे घरी पोचले.

पितोम्निक पडला त्यानंतर दोनच दिवसांनी, 18 जानेवारीला, तिकडे लेनिनग्राडचा वेढा फुटला. लाडोगाच्या दक्षिण काठाला 8 ते 11 किलोमीटर रुंद पट्टी मोकळी झाली. तोफांच्या माऱ्यात तिथे रूळ टाकले गेले आणि 7 फेब्रुवारीला पहिली आगगाडी शहरात आली. वेढा पूर्ण उठायला मात्र 27 जानेवारी 1944 उजाडलं.

रशियन लोक या दोन गोष्टींची कधी गल्लत करत नाहीत. लेनिनग्राडचं जे झालं त्याला ते ‘ब्लकादा’ म्हणतात, नाकेबंदी. स्टालिनग्राडच्या त्या घेराला ‘कत्योल’ म्हणतात, आणि जर्मन शब्द ‘केसेल’ही तोच. दोन्हींचा अर्थ मोठा हंडा. आपल्याकडेही वेढणं आणि कोंडणं यांत तोच फरक आहे. वेढा बाहेरून दिसतो. कोंडी आतून कळते, श्वासाला.

या दोन्ही गोष्टी एकाच जागी आल्या, तो प्रसंग सांगायलाच हवा. जानेवारी 1942 मध्ये लेनिनग्राडचा वेढा फोडण्यासाठी वोल्खोव्ह नदीकडून सोव्हिएतांची दुसरी शॉक आर्मी (शत्रूची फळी फोडण्यासाठीचं सैन्य) निघाली. ती जर्मन फळी भेदून दलदलीच्या जंगलात खोल घुसली, पण मागचं तोंड अरुंदच राहिलं. म्यास्नोय बोर या गावाजवळ जर्मनांनी ते तोंड मार्चमध्ये आवळलं, ते पुन्हा थोडं उघडलं गेलं, आणि जूनमध्ये कायमचं बंद झालं. वेढ्यातल्यांना सोडवायला निघालेलं सैन्य स्वतःच कोंडीत मेलं. त्याचा सेनापती व्लासोव्ह जुलैत पकडला गेला. त्या जंगलात स्वयंसेवक अजूनही शोधमोहिमा काढतात, आणि जमिनीतून माणसांची हाडं निघतात. ज्यांची ओळख पटते त्यांच्या घरी कळवलं जातं.