देवमाशांचे रेडिओ टॅगिंग

देवमाशाच्या अंगावर छोटा ट्रान्समीटर (टॅग) बसवून त्याचा वावर आणि वागणूक अभ्यासण्याची पद्धत. खानापूरकडे हत्ती शेतात उतरतात, त्यामुळे बेळगाव भागातल्या वाचकाला हत्तीच्या गळ्यातली रेडिओ कॉलर ऐकून तरी माहीत असते. तत्त्व तेच; अडचण पाण्याची. खारे पाणी रेडिओ लहरी शोषून घेते. देवमाशाने बुडी मारली की संदेश बंद. श्वासासाठी तो वर आला आणि अँटेना पाण्याबाहेर निघाली की पुन्हा सुरू. बोटीवर अँटेना फिरवत बसलेल्या संशोधकाला चार-दोन वेळा 'टिक-टिक' ऐकू येते आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या खंडावरूनच बुडी किती वेळ चालली हे कळते.

या कामाची सुरुवात १९६०-७०च्या दशकांत झाली. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात 'जिजी' नावाचे करड्या देवमाशाचे पिल्लू पाठीवर ट्रान्समीटर बसवून समुद्रात सोडले होते. पुढे उपग्रहांमुळे बोटीने पाठलाग करण्याची गरज उरली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्युव्हियर जातीच्या चोचवाल्या देवमाशाची २,९९२ मीटर खोल बुडी अशाच टॅगने नोंदवली.

भीमगडच्या रानातली म्हादई ज्या अरबी समुद्राला मिळते, तिथला दाखला तर फारच मोलाचा आहे. २०१७च्या अखेरीस ओमानजवळ टॅग लावलेली 'लुबान' ही कुबड्या देवमाशाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आली आणि दक्षिणेच्या टोकापर्यंत गेली. दोन्ही किनाऱ्यांचे नाते एरवी इतके स्पष्ट झाले नसते.

काही टॅग सक्शन कपने (दाबून चिकटणाऱ्या रबरी वाटीने) चिकटवतात. लांब दांड्याने पाठीवर टेकवलेला असा टॅग काही तासांत सुटून तरंगतो. त्याच्या रेडिओ संदेशावरून तो शोधून आतली खोलीची आणि आवाजांची नोंद काढून घेतात. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या टॅगचा काटा मात्र अंगात रुतवावा लागतो आणि त्याची जखम होते. २०१६ मध्ये 'एल-९५' हा ऑर्का (शिकारी देवमासा, 'किलर व्हेल') टॅगच्या जागी झालेल्या बुरशीच्या संसर्गानंतर मृत सापडला आणि अमेरिकेत त्या कळपाचे टॅगिंग थांबवले गेले. ओमानजवळ कुबडे देवमासे शंभराहूनही कमी असल्याचा अंदाज आहे. शेपटीच्या छायाचित्रांवरून किंवा पाण्याखालच्या ध्वनिमुद्रणातून जे कळू शकते, त्यासाठी त्यांच्या अंगात काटा रुतवणे योग्य नाही.