आई-बाबा परदेशात, लेकरू नाशिकला : मुलाच्या व्हिसाचे मार्ग आणि कागदपत्रं

आई-बाबा नोकरीसाठी बाहेर आणि मूल आजी-आजोबांकडे, अशी घरं आता इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही सोसायटीत आहेत. मुलाला तिकडे न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'मुलाचा व्हिसा कसा काढायचा?' त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : आई-बाबा स्वतः तिकडे कोणत्या व्हिसावर आहेत? लहान मूल सहसा आईच्या किंवा बाबांच्या व्हिसाला जोडून, 'डिपेंडंट' म्हणूनच जातं. त्यांच्या व्हिसात कुटुंब आणायची मुभाच नसेल, तर मुलाचा अर्ज कितीही नेटका भरला तरी उपयोग नाही.

आणखी एक गैरसमज. 'आत्ता टूरिस्टवर न्या, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' असं सांगणारे एजंट कॉलेज रोडला पैशाला पासरी मिळतील. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या मुलाला तिथल्या तिथे डिपेंडंट व्हिसावर जाता येत नाही. परत यायचं, इथून नवा अर्ज करायचा, आणि दोन्हीची फी भरायची.

ब्रिटन

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त दारं इथेच बंद झाली. ११ मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्या केअर वर्करना (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना) मूल किंवा जोडीदार नेता येत नाही, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरतीच बंद आहे. त्या तारखेआधीपासून त्याच मार्गावर सलग असलेल्यांना सूट आहे. नर्स वेगळी आणि केअर वर्कर वेगळी, हे ध्यानात ठेवा. स्किल्ड वर्कर (कुशल नोकरीच्या) व्हिसावरच्या नर्सला मूल नेता येतं. विद्यार्थ्यांचं म्हणाल तर १ जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या एक वर्षाच्या मास्टर्सला कुटुंब नेणं बंद आहे. पीएचडी, संशोधनावर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा सरकारी शिष्यवृत्तीवरचा सहा महिन्यांपेक्षा मोठा अभ्यासक्रम असेल तरच परवानगी मिळते. 'एमएस्सीला जाते आणि पोराला नंतर बोलावते' हा हिशेब आता जुळत नाही.

स्किल्ड वर्करच्या मुलासाठी आई आणि बाबा दोघेही ब्रिटनमध्ये असावे लागतात, किंवा दोघेही मुलाबरोबर जाणारे असावेत. एकच पालक तिकडे असेल, तर मुलाची पूर्ण जबाबदारी त्याच्यावरच आहे हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. नुसतं 'मूल माझ्याकडेच असतं' म्हणून भागत नाही. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेश लागतो. खात्यात पहिल्या मुलासाठी ३१५ पौंड आणि पुढच्या प्रत्येकासाठी २०० पौंड सलग २८ दिवस असले पाहिजेत. कंपनीने खर्चाची हमी दिली असेल, तर ही अट लागत नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार मात्र नर्ससारख्या हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांची कुटुंबं सोडली तर चुकत नाही : अठरा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ७७६ पौंड, आणि तेही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचे एकदम. चार जणांच्या कुटुंबाचं बजेट इथेच कोलमडतं. मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त असल्याने टीबीचं प्रमाणपत्रही लागतं. अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण मान्यताप्राप्त क्लिनिकमध्ये त्यांना डॉक्टरला दाखवावं लागतं.

अमेरिका, आणि माहेरचं बाळंतपण

एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांच्या मुलांना एच-फोर, एल-वनला (कंपनीतल्या बदलीवर गेलेल्यांना) एल-टू, एफ-वन विद्यार्थ्यांना एफ-टू. मूल अविवाहित आणि २१ वर्षांखालचं असावं. प्रत्येक मुलाचा वेगळा डीएस-१६० फॉर्म (ऑनलाइन व्हिसा अर्ज) भरायचा, सोबत पालकाच्या व्हिसाची प्रत, आय-७९७ मंजुरीपत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि जन्मदाखला. १४ वर्षांखालच्या मुलांना पूर्वी बहुतेक वेळा मुलाखतीतून सूट मिळायची. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत जवळपास संपली. आता तान्ह्या बाळालाही मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात घेऊन जायची तयारी ठेवा. सकाळची वेळ मिळाली असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. मुलगी अमेरिकेहून नाशिकला येते, बाळ इथे जन्मतं, आणि मग परत जायचं कसं याची धावपळ सुरू होते. इथे आईचा दर्जा काय आहे त्यावर सगळं ठरतं. आई एच-वन-बी किंवा एच-फोरवर असेल तर बाळाचा भारतीय पासपोर्ट, त्यानंतर एच-फोरचा अर्ज आणि मुलाखत. म्हणजे परतीचं तिकीट आधी काढून ठेवण्यात शहाणपणा नाही. आई ग्रीन कार्डधारक (कायम राहण्याचा परवाना असलेली) असेल तर एक सोय आहे, ती पुष्कळांना माहीतच नसते. आई तात्पुरती भारतात आलेली असताना जन्मलेलं बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत, पालकाच्या बाळंतपणानंतरच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात सोबत गेलं, तर त्याला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. बाळाचा पासपोर्ट, आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला आणि आईचं ग्रीन कार्ड जवळ ठेवायचं. 'पहिल्याच परतीत' हे शब्द महत्त्वाचे. बाळाला आजीकडे ठेवून आई एकटी परत गेली, तर ही सोय हातची गेली.

आई किंवा वडील अमेरिकन नागरिक असतील तर आधी बाळाला जन्मतःच नागरिकत्व मिळतं का ते पाहावं. मिळत असेल तर व्हिसाचा प्रश्नच उरत नाही, मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद आणि अमेरिकन पासपोर्ट एवढंच करायचं. ग्रीन कार्ड नोकरीतून मिळालं असेल आणि मूल त्याआधीच जन्मलेलं असेल, तर ते 'फॉलोइंग टू जॉइन' मार्गाने मागाहून जाऊ शकतं, त्याला नव्याने रांग लावावी लागत नाही. एरवी आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरून एफ-टू-ए, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदार-मुलांच्या वर्गात वाट पाहावी लागते.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया : अर्जात मुलाचं नाव

या दोन देशांत नडते ती आई-बाबांनी स्वतःच्या अर्जात केलेली हयगय. कॅनडाच्या पीआर (कायम वास्तव्याच्या) अर्जात सगळ्या मुलांची नावं द्यावी लागतात, सोबत येणारी आणि न येणारी दोन्ही. 'आत्ता तो आजीकडेच राहणार आहे, कशाला लिहायचं' म्हणून नाव गाळलं, तर पुढे फॅमिली क्लासमध्ये (कुटुंबीयांना बोलावण्याच्या वर्गात) त्या मुलाला स्पॉन्सर करण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे बंद होतो. ऑस्ट्रेलियाच्या ५०० क्रमांकाच्या स्टुडंट व्हिसाचंही तसंच आहे. मूल मागाहून येणार असलं तरी अर्जात ते जाहीर केलेलं हवं. व्हिसा मिळाल्यानंतर जन्मलेल्या मुलांची गोष्ट अर्थातच वेगळी. तिथल्या पीआरधारक किंवा नागरिकांच्या मुलांसाठी १०१ क्रमांकाचा चाइल्ड व्हिसा आहे.

कॅनडात अवलंबून असलेलं मूल म्हणजे २२ वर्षांखालचं आणि अविवाहित. पालकाकडे वर्क किंवा स्टडी परमिट असेल, तर तिथे पोचलेल्या अल्पवयीन मुलाला शाळेत जायला वेगळं स्टडी परमिट लागत नाही.

जर्मनीत १६ वर्षांखालच्या मुलांचं तुलनेनं सोपं असतं. त्यापुढच्या मुलांना भाषेची अट आड येऊ शकते, म्हणून दहावीची वाट पाहत बसू नये.

दुबई, अबुधाबी

आखातात स्पॉन्सर म्हणजे आई किंवा वडील स्वतः. महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर, ही किमान मर्यादा. अविवाहित मुलगी कितीही वयाची, मुलगा २५ वर्षांपर्यंत. खरी मेहनत जन्मदाखल्यावर होते. संयुक्त अरब अमिरात अपोस्टिल (कागद खरा असल्याचा एकच आंतरराष्ट्रीय शिक्का) मानत नाही, म्हणून दाखला आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग अमिरातीच्या दूतावासाकडून साक्षांकित करायचा आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्यायचा. अरबी भाषांतर वेगळंच.

नाशिकमधली कागदपत्रं

जन्मदाखला जिथे जन्म झाला तिथला. घर गंगापूर रोडला आणि बाळंतपण मालेगावात झालं असेल, तर दाखला मालेगाव महापालिकेचा. सिन्नरचा दवाखाना असेल तर सिन्नरचा. नाशिक महापालिका हद्दीत जन्म असेल तर विभागीय कार्यालयात चौकशी करा. दाखल्यावर बाळाचं नाव कोरं राहिलेलं असतं, हे फार जणांच्या उशिरा लक्षात येतं. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर विलंब शुल्क पडतं. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

दाखला हातात पडला की आई-वडिलांचे पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आईचं नाव दाखल्यावर लग्नानंतरचं आणि पासपोर्टवर माहेरचं. दीपालीच्या स्पेलिंगमध्ये एकीकडे दोन ई, दुसरीकडे आय. वडिलांचं नाव एका कागदावर मधलं नाव म्हणून, दुसऱ्यावर गायब. आपल्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, पण व्हिसा अधिकाऱ्याला तो मुलगा त्याच आईचा आहे हे त्या कागदावरूनच कळणार असतं. दाखल्यातली दुरुस्ती आधी, पासपोर्ट नंतर. उलट केलंत तर दोन्हीकडे खेटे घालावे लागतात.

पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे, फाइल मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येते. मुलाच्या पासपोर्टची फी १,००० रुपये, आठ वर्षांखालच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट; मुदत पाच वर्षं. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच न्यायचा. पालकांच्या संमतीचं ॲनेक्शर 'डी' लागतं. दोघेही परदेशात असतील तर त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र पाठवावं आणि आजी-आजोबांनी मूळ प्रत घेऊन जावं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो केंद्रावर दाखवून काम होत नाही.

बोटांच्या ठशांची लहानग्यांना बहुधा चिंता नसते : ब्रिटनसाठी पाच वर्षांखाली, अमेरिका आणि कॅनडासाठी चौदा वर्षांखाली ठसे घेत नाहीत.

कोण नेणार?

विमान कंपन्यांची एकट्या मुलाला नेण्याची सेवा साधारण पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी असते. त्याहून लहान असेल तर आई-बाबांपैकी कुणी येऊन न्यावं, नाहीतर आजी-आजोबांपैकी कुणाला सोबत जावं लागतं, आणि त्यांचा स्वतःचा व्हिजिटर व्हिसा वेगळा. त्या वेळी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, पालकांच्या पासपोर्टच्या प्रती आणि तिकडचा पत्ता-फोन आजीच्या हातातल्या पिशवीत असू द्या, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. मुलाची लसीकरणाची वहीसुद्धा त्याच पिशवीत ठेवा; तिकडे शाळेत नाव घालताना ती बहुतेक ठिकाणी मागतात.