आधी बारात, मग लग्न: उत्तरेतल्या लग्नाची पार्श्वभूमी

आपली वरात लग्न लागल्यावर नवरीला घेऊन निघते; उत्तरेतली बारात लग्नाआधी नवरीच्या दारी येते. पहिल्यांदाच तिकडे जाणारा मराठी पाहुणा इथेच चुकतो. पत्रिकेवरचे ‘सायंकाळी ७’ म्हणजे बारातीच्या स्वागताची वेळ. बारात दारात यायला ९-१० वाजतात, त्यानंतर जयमाला आणि जेवण, आणि फेरे बहुधा मध्यरात्रीनंतर. जेवून निघालात तर लग्न पाहिलेच नाही असे होते. शिखांचा आनंद कारज (लग्नविधी) मात्र सकाळी गुरुद्वारात; तिथे वेळेवर आणि डोके झाकून जावे.

या क्रमामागे अंतर आहे. उत्तरेतल्या बहुतेक हिंदू समाजांत लेक गावाबाहेर, रक्ताच्या नात्याबाहेरच देतात. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी करतात, तिकडे ते निषिद्ध. इरावती कर्वे यांनी १९५३ साली नातेव्यवस्थेची मांडणी करताना हा भेद दाखवून दिला. घरे परकी आणि गावे लांब, त्यामुळे बैलगाड्यांची बारात दिवेलागणीला पोहोचे, जनवाशात उतरे आणि पुष्कळ ठिकाणी तीन दिवस राही: पहिल्या रात्री द्वारचार (दारातले स्वागत) आणि फेरे, दुसरा दिवस मुक्कामाचा (भोजपुरी भागात ‘मरजाद’), तिसऱ्या दिवशी विदाई. आज हे सारे एका रात्रीत उरकायचे असते, म्हणून उशीर होतो. वाटेवर उजेड मशालींचा असे, पुढे डोक्यावरच्या गॅसबत्त्या आल्या. पितळी बँड इंग्रजांच्या पलटणींकडून आला. दारातली मिलनीही या परकेपणातूनच आलेली: मामाला मामा, काकाला काका गळाभेट देतो. त्या जोड्या ठरलेल्या असतात, पाहुण्यांनी मध्ये शिरू नये.

जेवणातही परके ते सोयरे अशी पायरी होती. तुपात तळलेली पुरी-कचोरी म्हणजे ‘पक्का खाना’, तो नाते जुळण्याआधीही चाले. पाण्यात शिजवलेला डाळभात ‘कच्चा’; तो फेऱ्यांनंतर, सोयरीक मान्य केल्याची खूण म्हणून खायचा. अवध-भोजपुरी भागात नवरदेव खिचडीपुढे अडून बसतो आणि नेग (मानाची भेट) मिळाल्याखेरीज घास घेत नाही, ते यातूनच.

आहेराला तिकडे न्योता किंवा व्यवहार म्हणतात, पंजाबात शगुन. मूळ व्यवस्था बिनव्याजी उसनवारीची: आलेली रक्कम नावानिशी वहीत चढे आणि त्या घरच्या पुढच्या कार्यात थोडी वाढवून परत जाई. तंतोतंत फेडणे म्हणजे संबंध मिटवणे. वरचा एक रुपया हिशेब चालू ठेवतो, असे मानतात. म्हणून १०१, ५०१. दुकानात नाणे चिकटवलेलीच पाकिटे मिळतात. पाकिटावर नाव आणि गाव स्पष्ट लिहा, आणि ज्या बाजूने बोलावले तिच्याच माणसाकडे द्या. बिननावाचे पाकीट वहीत चढत नाही आणि यजमानाला परतफेड कुणाची करायची ते कळत नाही.